अक्काचा कंधारचा किल्ला

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं नाव गौराबाई, पण ते नाव फक्त रेशनकार्डावर. सगळा गोतावळा त्यांना झरीची अक्का म्हणतो, मी नुसतं अक्का म्हणते. मानवतला मोंढ्याच्या मागं आमचं घर अन् आडतीचं दुकान. शेत मात्र झरीला. माझे थोरले दीर सांबप्पा अन् अक्का तिथं मळ्यातच राहायचे. सासऱ्यांनी विहिरीपाशी तीन खोल्यांचं दगडी घर बांधलं होतं. पुढं लांबलचक ओसरी, दारात दोन कडुलिंब, मागं गोठा. दिवाळीची सुट्टी लागली की सोलापूर, लातूर, गुलबर्गा, जिथं म्हणून आमचे पाहुणे हायेत तिथून सगळे झरीला येऊन पडायचे. म्हणायचे काय, तर हवा खायला आलोत. हवा ह्यांनी खायची अन् भाकरी अक्कांनी थापायच्या.

आता माझं सांगायचं तर मी चन्नबसम्मा, धाकटी सून. माझ्या जिभेला हाड न्हाई असं माझी सासू म्हणायची, अन् ते खोटं न्हाई. मनात आलं की बोलून मोकळी होते. फक्त एका माणसापुढं माझी बोलती बंद असायची, ते म्हणजे सांबप्पा. थोरल्या दिराला आमच्याकडं भाया म्हणतात. भायापुढं डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायचा न्हाई अन् समोरासमोर बोलायचं न्हाई, असा रिवाज. मला काही सांगायचं असलं तर मी भिंतीला सांगायची, "भायांना म्हणावं, जेवण वाढलंय." तेबी भिंतीलाच सांगायचे, "म्हणावं, आलो." लग्न होऊन माझी पोरं शाळेत जायला लागली तरी आमी दोघं भिंतीशीच बोलायचो. बिचाऱ्या भिंतीला आमच्या घरातलं सगळं माहीत होतं.

भाया तसे मोठे रुबाबदार. पिळदार मिशा, पांढरंशुभ्र धोतर, अन् आवाज असा की विहिरीवरून हाक मारली तर जिंतूर रस्त्यावरची यष्टी थांबावी. अक्का ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या. पहाटे आंघोळ करून हातावर लिंग घेऊन पूजा करायच्या, कपाळावर भस्माचे पट्टे ओढायच्या अन् मग जे कामाला लागायच्या ते रात्री भांडी पालथी घालेपर्यंत. इतकं काम करूनही बाईच्या तोंडावर कधी आठी बघितली न्हाई. मला तर चहा दोनदा टाकायला लागला तरी कपाळाला आठ्या पडतात.

ज्या वर्षीची गोष्ट सांगायलीय, त्या वर्षापर्यंत बहात्तरचा दुष्काळ सरून सात-आठ वर्षं झाली होती. विहिरीला पाणी होतं, कापूस बरा आला होता, अन् आमच्या दुकानाची एक जुनी जीप होती. ती आमचे हे चालवायचे. नाव घ्यायलाच पाहिजे तर भीमाशंकर. घेतलं एकदा, आता पुन्हा न्हाई घेणार. पाहुण्यांत माझी नणंद केशरबाई यायची, तिचे मालक दिनकरराव सोलापूरला शाळेत इतिहास शिकवायचे. हा माणूस एक दिवस घरात बसला तर आजारी पडंल की काय असं वाटायचं. सकाळी उठून दात घासता घासताच विचारायचे, "मग आज कुठं?" अन् निघाली जीप. कधी चारठाण्याची जुनी देवळं अन् ती उंच दीपमाळ, कधी जिंतूरच्या बाजूला नेमगिरीच्या डोंगरातली जैन लेणी, कधी औंढ्याचा नागनाथ, कधी गंगाखेडकडं धारासूरचं गोदाकाठचं देऊळ. दिनकरराव प्रत्येक दगडापुढं उभं राहून भाषण द्यायचे अन् पोरं तोवर चिंचा पाडायची.

ह्या सगळ्या सहलींचा इंतजाम अक्कांचा. उजाडायच्या आत धपाटे, शेंगाची चटणी, ज्वारीच्या कडक भाकरी, दह्याचं मडकं, कांदे, सगळं फडक्यात बांधून तयार. आमी जीपमध्ये कोंबून बसायचो अन् अक्का कडुलिंबाखाली हात हलवत उभ्या राहायच्या. संध्याकाळी आलो की आधी पाणी द्यायच्या अन् मग एकेकाला धरून विचारायच्या. दीपमाळ आपल्या कडुलिंबाएवढी हाय का मोठी हाय? लेण्यात अंधार असतो का? देवळावरच्या दगडी बायकांच्या अंगावर दागिने कसले हायेत? सगळं मनात ठेवायच्या. मग पुढच्या वर्षी नवे पाहुणे आले की त्यांना सांगायच्या, "चारठाण्याला गेलात तर डबा बारवेपाशी खावा, तिथं सावली हाय. नेमगिरी सकाळी चढा, उन्हानं दगड तापतो." पाहुण्यांना वाटायचं, ह्या बाईनं सगळं पालथं घातलंय. अन् बाईनं झरीचं शिवार ओलांडलेलं नसायचं.

ओलांडणार कशा? गोठ्यात चंद्री होती ना. चंद्री म्हणजे म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून चंद्री. तिची आई ती बारकी असतानाच मेली. अक्कांनी तिला वाटीनं दूध पाजून वाढवलं, थंडीत स्वतःच्या लुगड्यात गुंडाळून चुलीपाशी निजवलं. तिचे लाड इतके केले की पुढं ती अक्कांशिवाय कुणाला हात लावू द्यायना. सालगडी आश्रुबा एकदा चरवी घेऊन बसला, तर चरवी उकिरड्यावर अन् आश्रुबा गव्हाणीत. अक्का बसल्या, शिवाचं एक भजन बारीक आवाजात गुणगुणायला लागल्या की चंद्री डोळे मिटून पान्हा सोडायची. सकाळ-सांज, दोन्ही वेळा. सहलीवरून यायला आमाला कायम दिवेलागण उलटायची, म्हणजे अक्कांना येणं शक्य न्हाई. अन् म्हैस विकावी म्हणलं तर पाहुण्यांना मऊसूत खवा कुठून मिळणार? प्रत्येकजण जीपमध्ये बसताना म्हणायचा, "अक्का, तुमी पण चला ना." अन् उत्तर ऐकायला कुणी थांबायचं न्हाई. मीसुद्धा न्हाई.

त्या दिवाळीत एका दुपारी मी अन् अक्का ओसरीवर तांदूळ निवडत बसलो होतो. बाकीची मंडळी धारासूरला गेलेली. माझं डोकं दुखत होतं म्हणून मी मागं राहिले. सहज विचारलं, "अक्का, एवढ्या जागा तुमाला तोंडपाठ. ह्यातली कोणती बघावी वाटते?"

अक्कांनी सुपातला खडा उचलून फेकला. "ह्यातली कुठली न्हाई," त्या म्हणाल्या. "मला कंधारचा किल्ला बघायचाय."

कंधार कुठं, नांदेडच्या पल्याड. मी म्हणलं, "तो कुठून काढला मधीच?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर कंधारच्या पुढं एका वाडीत. आईबाप कधीच गेले, भाऊ निजामाबादेला निघून गेला, माहेर म्हणून जायला काही राहिलं न्हाई. लग्न झालं तेव्हा त्या इतक्या लहान होत्या की नऊवारी लुगडं त्यांना न्हाई, त्याच लुगड्याला नेसवल्यासारख्या दिसायच्या. पाठवणीच्या गाड्या निघाल्या अन् अक्कांनी जो रडायचा सपाटा लावला तो थांबंना. सगळ्यांनी समजावून बघितलं, गूळ दिला, रागावले. बाजूला नवरामुलगा बसलेला, सांबप्पा, मिसरूड फुटायलेलं पोरगं. गाड्या कंधारच्या किल्ल्याजवळून चालल्या होत्या. खंदकाचं पाणी अन् काळे बुरूज दिसायले होते. त्या पोरानं बोट करून म्हणलं, "रडू नको. मी तुला तो किल्ला आतून दाखवतो."

"अन् मग?" मी विचारलं.

"मग काय, मी रडायची थांबले." अक्का हसल्या. "पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी दाखवतो म्हणलं होतं. माहेरी गडीमाणसं बाजारादिवशी किल्ल्यात जायची, आमी पोरी गाडीपाशी बसायचो. मला लय भारी वाटलं."

"मग दाखवला का न्हाई भायांनी?"

"कसा दाखवतील? आधी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मग पोरींची बाळंतपणं, मग दुष्काळ, मग ही चंद्री." त्यांनी सूप घोळलं. "पण दाखवतील. त्यांनी म्हणलंय."

मला काय झालं काय माहीत, एकदम रडू आलं, अन् रडू आलं की मला राग येतो. संध्याकाळी जीप आली तशी मी ह्यांना अंगणातच गाठलं. म्हणलं, परवा कंधार. अक्का येणार. कसं ते मला विचारू नका. दिनकरराव तर उडालेच. देवळं झाली, लेणी झाली, आमच्या परभणीत धड किल्ला न्हाई म्हणून ते दर वर्षी हळहळायचे. आमचे हे म्हणाले, "अन् म्हैस?" भाया ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला अन् भिंतीकडं बघून म्हणाले, "म्हणावं, घेऊन जावा तिला. चंद्रीचं मी बघतो."

आश्रुबा खोकला. भाया एकदा बोलले की त्यांना कसं म्हणून विचारायची हिंमत आमच्या घरात कुणाचीच नव्हती.

अक्का मात्र दारातून म्हणाल्या, "तुमी येत न्हाई?"

"दोघं गेलो तर म्हशीखाली कोण बसंल?" भाया म्हणाले.

अक्का आत गेल्या. मला वाटलं, आनंदानं बोलायचं सुचत न्हाई.

निघायच्या दिवशी त्यांनी पेटीतली इरकल साडी काढली, अंबाड्यात शेवंती खोवली. पहाटेची धार काढून झालेली. अंगावरचं रोजचं लुगडं त्या भिजवायला निघाल्या तर भाया म्हणाले, "राहू दे दांडीवर. आल्यावर धू." लुगड्याची चौकशी भायांनी कधी केली नव्हती, पण तेव्हा घाईत माझ्या ध्यानात आलं न्हाई.

काय सांगू, काय मजेचा रस्ता गेला. थंडी होती, पोरं एकमेकांच्या घोंगड्या ओढायली होती. परभणीला ठेसनासमोर चहा घेतला. वसमतच्या पुढं केळीच्या बागा लागल्या, त्या बघून अक्का म्हणाल्या, "सावलीतच राहत असतील ही लोकं, भाग्यवान." नांदेडला गोदावरीचा पूल आला तर त्यांनी जीप थांबवायला लावली, पाण्यात पैसा टाकला अन् हात जोडले. म्हणल्या, "हीच ती. लग्नात गाडी उतरली तेव्हा हिच्या काठावर जेवलो होतो." केशरबाईनं उखाणा घ्यायला लावला तर त्यांनी असा झोकात घेतला की दिनकररावांनी टाळ्या वाजवल्या. भाकरीच्या पिठाबाहेरची अक्का आमी कुणी बघितलीच नव्हती.

मग एका वळणाला ते बुरूज दिसले. काळेभोर, रुंद, पायथ्याला खंदकात पाणी. खंदक ओलांडून आमी दरवाजापाशी आलो. दरवाजा केवढा, हत्ती अंबारीसकट जाईल. पोरं आत पळाली. मी अक्कांचा हात धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला, दरवाजाजवळच्या एका दगडावर पदर झटकून बसल्या अन् म्हणाल्या, "तुमी या जाऊन. मी बसते हितं."

"पाय दुखले का?"

"न्हाई."

"मग चक्कर आली का?"

"मला काय धाड भरलीय? बरी हाय मी." अक्का एकदम शांत. "मला ह्यांनी दाखवतो म्हणलंय. मी त्यांच्यासंगंच बघणार."

माझ्या डोक्याची शीरच उठली. मी म्हणलं, "अक्का, अंधारात उठून, हाडं खिळखिळी करून आलोत आपण. तुमच्यासाठी भाया तिकडं त्या म्हशीच्या लाथा खात असतील. त्यांनीच पाठवलंय ना तुमाला?"

"पाठवणं येगळं अन् दाखवणं येगळं," त्या म्हणाल्या.

दिनकररावांनी राष्ट्रकूट राजांपासून सुरुवात केली, निजामापर्यंत आले, अक्कांनी सगळं ऐकून घेतलं अन् हलल्या न्हाईत. केशरबाईनं शपथ घातली. आमचे हे म्हणाले, "वहिनी, एक पाय तर टाका आत." अक्का म्हणाल्या, "भाऊजी, एक पाय टाकला तर मग बघितलाच की." शेवटी मी म्हणलं, बसा मग, अन् पाय आपटत आत गेले. आत काय बघितलं म्हणाल तर मला आठवत न्हाई. कमरेएवढं गवत होतं, पडक्या भिंती होत्या, वर आभाळ होतं, अन् माझ्या डोळ्यापुढं ती दगडावर बसलेली बाई होती. निम्मं बघून निम्मं सोडून मी सगळ्यांना हाकलत भाईर आणलं.

भाईर येऊन बघते तर अक्का एका सीताफळंवालीशी गप्पा मारत, बिया थुंकत, खुशाल हसत बसलेल्या. रडवेल्या असत्या तर मी त्यांना जवळ तरी घेतलं असतं. ती सीताफळंवाली मला म्हणाली, "लय गमतीची हाय बाई तुमची जाऊ. मी आतलं सांगायला लागले तर माझ्या तोंडावर हात ठेवायलीय." परतीच्या रस्त्याला तर कहर केला. पोरांनी आतल्या गमती सांगायला सुरुवात केली की अक्का दोन्ही कानांवर हात ठेवायच्या. इतकी वर्षं आमाला धरून धरून विचारणारी बाई, पण आज किल्ल्याचं एक अक्षर ऐकायला तयार न्हाई. मांडीवर मात्र सीताफळांची टोपली घट्ट धरलेली. का, तर भायांना आवडतात.

अक्का आत आल्या न्हाईत म्हणून आमचं सगळं लवकर उरकलं, अन् जन्मात पहिल्यांदा आमची जीप दिवेलागणीच्या वेळेला मळ्यात शिरली. गोठ्यात कंदील दिसायला होता. आश्रुबा तिकडून पळत आला अन् दोन्ही हात आडवे करून म्हणाला, "थांबा, थांबा जरा. मालक बिझी हायेत." बिझी हा शब्द त्यानं कुठून आणला देव जाणे. आत कुणीतरी बारीक आवाजात भजन म्हणायलं होतं. अक्कांचंच भजन, पण आवाज असा की बायकी म्हणावा तर मधीच खर्जात पडायचा.

मी आश्रुबाला बाजूला सारून गोठ्याच्या दारात गेले. अन् काय बघते, तर चंद्रीखाली भाया बसलेले. अंगावर अक्कांचं रोजचं लुगडं, काष्टा बांधलेला, डोक्यावरून पदर, कपाळावर भस्माचे पट्टे. पदराखालून दोन्ही बाजूंनी पिळदार मिशा. गुडघ्यांत चरवी, अन् चरवीत दुधाची धार खळखळ चाललेली. चंद्री डोळे मिटून रवंथ करायलीय.

भाया समोर दिसले तशी मी सवयीनं पदर पुढं ओढला. अन् भायांनी मला बघितलं तसा त्यांनीबी पदर पुढं ओढला.

उठताबी येईना त्यांना, उठले तर म्हैस पान्हा चोरणार. आमचे हे माझ्यामागं आले, त्यांनी बघितलं अन् मटकन खाली बसून हसायला लागले. केशरबाईला ठसका लागला. दिनकररावांच्या गळ्यात कॅमेरा होता, पण हसून त्यांचे हात इतके थरथरायले होते की तो फोटो निघाला न्हाई. त्याचं दुःख मला आजबी हाय.

फक्त अक्का हसल्या न्हाईत. पुढं गेल्या, चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला अन् भायांचा खांद्यावरून सुटलेला पदर नीट खोचून दिला. पदराआडून भायांनी विचारलं, "बघितला का?"

"न्हाई."

"का?"

"तुमी कुठं होता दाखवायला?"

दुधाची धार थांबली. त्या लुगड्यातल्या एवढ्या मोठ्या माणसाचं तोंड बारक्या पोरागत झालं. किती वर्षांमागच्या गाडीतलं बोलणं अक्कांनी इतकं जपून ठेवलं असंल, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. अन् मला वाटतं, ते स्वतः विसरले असते तर त्यांनी ते लुगडं नेसलंच नसतं. ते म्हणाले, "मीबी आत गेलेलो न्हाई कधी. तवा उगं म्हणलो होतो. तू रडायलीस म्हणून."

"मला ठाव हाय," अक्का म्हणाल्या. "म्हणून तर दोघांनी बघायचा."

मला पुन्हा रडू आलं. अन् मगाशी सांगितलं तसं, रडू आलं की माझं डोकं फिरतं. रिवाज गेला खड्ड्यात. भिंतीला न्हाई, सरळ भायांना, त्यांच्या तोंडाकडं बघून मी म्हणलं, "बास झालं आता. ते लुगडं माझ्याकडं द्या."

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. माझा जन्म आडतीच्या दुकानामागं गेलेला. म्हैस म्हणजे लांबून नमस्कार करायचं जनावर. पहिल्या सांजेला चंद्रीनं माझ्याकडं मान वळवून असं बघितलं, जसं माझ्या सासूनं मी पहिल्यांदा भाकरी थापली तेव्हा बघितलं होतं. मग शेपटीचा फटका, मग लाथ, अन् मी शेणात. पोरांनी ओसरी डोक्यावर घेतली. आमचे हे म्हणाले, "मानवतला गेल्यावर दुकान बंद करून दूध घालायचं का घरोघर?" मी म्हणलं, "आधी तुमच्यावर शिकते धार काढायला, लाथ तुमीबी मारताच." अक्का माझ्या शेजारी बसायच्या, माझ्या हातावर हात ठेवून दाबायचं कसं, सोडायचं कसं ते दाखवायच्या. त्यांचं लुगडं, त्यांचं भस्म, त्यांचं भजन. माझं गाणं ऐकून माहेरी कुत्री भुंकायची, पण इलाज नव्हता. हळूहळू अक्का थोड्या लांब बसायला लागल्या, मग दारात, मग ओसरीवर. एका सांजेला मी एकटी बसलेली अन् चरवीत एकदम खळ्ळ आवाज आला. मी तिथंच रडले. चंद्रीनं पान्हा सोडला ह्याचा एवढा आनंद मला माझ्या लग्नातबी झाला नव्हता.

सुट्टी संपत आली होती. आमचे हे म्हणाले, जीपनं नेऊन आणतो. तर भाया भिंतीला म्हणाले, "म्हणावं, आमी यष्टीनं जाऊ. दोघंच." तेवढं बोलताना त्यांचे कान लाल झाले. नांदेडला पाहुण्यांकडं मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत यायचं ठरलं. सकाळी पहिल्या गाडीला आमी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. ह्या वेळी हात हलवत मी मागं राहणार होते अन् गाडीत अक्का बसणार होत्या. डबा मी बांधला होता. धपाटे जरा करपले, पण त्यांनी काही म्हणलं न्हाई. यष्टीत भाया अन् अक्का एका बाकावर बसले, शेजारी-शेजारी, अन् अक्कांनी खिडकीतून माझ्याकडं बघून असं तोंड केलं की लग्नाच्या गाडीतली ती पोरगी मला तिथल्या तिथं दिसली.

ते दोन दिवस मी म्हशीशी जितकी गोड बोलले तितकी आजवर माणसांशी बोलले नसंल. पहिल्या सांजेला तिनं नखरे केले, पण दिलं. सकाळी मुकाट दिलं. दुसऱ्या सांजेला मी बसले, चरवी गुडघ्यांत धरली, भजन सुरू केलं अन् कान रस्त्याकडं लावले. यष्टी थांबल्याचा आवाज आला. पोरं ओरडत पळाली. अक्कांचं हसणं ऐकू आलं, पोरांना म्हणायल्या होत्या, "अरे, दम धरा, सगळं सांगते." म्हणजे आता ऐकवायला तयार. माझा जीव भांड्यात पडला, पण उठता येत नव्हतं, धार चालू होती.

गोठ्याच्या दारात पावलं वाजली. मी मान वर केली. भाया उभे होते, धोतर धुळीनं माखलेलं, मिशा विस्कटलेल्या. मी घाईघाईनं अक्कांच्या लुगड्याचा पदर पुढं ओढला. भायांनी सवयीनं भिंतीकडं तोंड फिरवलं, घसा खाकरला, थांबले. मग पुन्हा माझ्याकडं वळले. इतक्या वर्षांत त्यांनी माझं नाव घेतल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"चन्नबसम्मा," ते म्हणाले, "दाखवला."